मेंढ्यांना वाघर, घोड्याला दावण

दिवाळी सरली की आमचे धनगरांचे वाडे हलायला लागतात. चांदवडचं रान सुकत जातं, मग मेंढ्या, घोडी, कोंबड्या, लेकरं घेऊन आम्ही घाटाकडं निघतो. कुणाच्या कांद्याच्या वावरात दोन रात्री, कुणाच्या पडीक रानात चार रात्री. गडीमाणसं मेंढ्यांमागं पुढं जातात. घोड्यांवर बिऱ्हाड लादणं, मुक्कामाला ते उतरवणं आणि वाघर लावणं, ही कामं बायांची. म्हणून आज बोलायचंय ते रोज उभारायच्या आणि रोज मोडायच्या कुंपणाबद्दल.

आधी आमची चूक सांगतो. एका मुक्कामाला पाऊस आला म्हणून आम्ही घोडी मेंढ्यांच्या वाघरीतच घेतली. रात्री कुत्री भुंकली, घोडी बिचकली आणि तिचा पाय जाळ्यात अडकला. ती ओढेल तसं जाळं आवळत गेलं. शेवटी विळ्यानं दोऱ्या कापल्या तेव्हा पाय सुटला. दोन कोकरं मात्र पायाखाली गेली. तेव्हापासून आमचा नियम झाला: मेंढ्यांची वाघर वेगळी, घोड्याची बांधणी वेगळी.

वाघर घेताना पहिली गोष्ट बघायची ती जाळीची भोकं. कोकराचं डोकं त्यातून जाता कामा नये. गेलं तर ते मागं निघत नाही आणि गळा आवळतो. दुसरी गोष्ट लांबी. एका मोठ्या मेंढीला १० चौरस फूट धरले, तर १०० मेंढ्यांना १,००० चौरस फूट जागा लागते. गोल वाघर लावली तर सुमारे ११२ फूट जाळं पुरतं. चौकोनी लावली तर १२६ फुटांच्या वर जातं. आणि १० फूट रुंद, १०० फूट लांब अशी पट्टी केली तर २२० फूट लागतं. जागा तेवढीच, पण जाळं जवळपास दुप्पट. गोल वाघरीचा दुसरा फायदा म्हणजे तिला कोपरा नसतो. मेंढ्या भ्याल्या की कोपऱ्यात दाटतात आणि खालच्या गुदमरतात.

आता घोडं. परदेशात लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीच्या शर्यती होतात. एका दिवसात १६० किलोमीटर जायचं असतं. तिथले स्वार मुक्कामाला लोखंडी चौकटी जोडून घोड्याला मोकळं आवार करतात. घोडं आत फिरतं, त्याचे पाय आखडत नाहीत. पण त्या चौकटी वाहायला गाडी असते. आपलं कुंपण आपल्या घोड्यालाच वाहायचंय. लांबच्या चालीत घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं ओझं बरं. २०० किलोच्या तट्टाला ४० किलो. त्यात भांडी, धान्य, पाल आणि वाघर आलीच. लोखंडाला जागा उरत नाही.

म्हणून आपल्याला जुनी अगाडी-पिछाडीच सोयीची. चांदवडच्या रंगमहालाशी ज्या होळकरांचं नाव जोडलेलं आहे, त्यांच्या फौजेची घोडीसुद्धा मुक्कामाला अशीच बांधत. तोंडाकडच्या दोराला अगाडी म्हणतात, मागच्या पायांच्या दोराला पिछाडी. पायाला बारीक नायलॉन बांधू नका, कातडी कापते. रुंद सुती पट्टा घ्या. गळ्यात सरकफास कधीच नको. खुंट्याला एका ओढीत सुटेल अशी गाठ मारा, म्हणजे अंधारातही हात चुकत नाही. खुंटा घोड्याच्या उलट्या बाजूला कलता ठोका. काळ्या रानात पाऊस झाला की खुंटे ढिले होतात, तिथं लांब खुंटा लागतो. मुरमाड माळावर लोखंडी पहारच बरी. दिवसा चरायला सोडताना पुढच्या पायांत पायबंद घाला. मुंबई-आग्रा रस्ता जवळ असेल तर हे विसरू नका. सुटलेलं घोडं रात्री रस्त्यावर आलं तर ते मरतं आणि गाडीतलं माणूसही.

आता काहीजणी सौर झटका मशीनबद्दल विचारतात. ते चालतं. साधारण सेकंदाला एक झटका देतं. जनावर दचकून मागं सरतं, मरत नाही. पण घोड्यासाठी बारीक तार नको, अंधारात दिसत नाही. रुंद पांढरी पट्टी लावा आणि आधी दिवसा घोड्याला तिची ओळख करून द्या. जमिनीतला अर्थिंगचा खिळा कोरड्या मातीत काम करत नाही, तिथं पाणी ओता. आणि घरच्या लायटीची तार कुंपणाला कधीही जोडू नका. त्यानं माणूस मरतो आणि तो गुन्हा आहे. काटेरी तारही घोड्याला नको.

एवढं केलं तरी बिबट्याला वाघर अडवत नाही, तो उडी मारतो. वाघर मेंढ्या एकत्र ठेवते, एवढंच तिचं काम. राखण कुत्र्याची, उजेडाची आणि जागत्या माणसाची.

बचत गटातून वाघर घ्यायची असेल तर दुकानात तीन गोष्टी विचारा. ती ओली झाल्यावर किती जड होते? फाटली तर आपल्या हातानं विणता येते का? आणि अंधारात एकटीला सोडता येते का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. रात्री कुत्री भुंकतात तेव्हा वाघरीजवळ बहुतेक वेळा आपणच एकट्या असतो.