रयतेची माउली : लक्ष्मीबाई पाटील

दुकानाच्या पाटीवर घरातील कर्त्या पुरुषाचे नाव असते. ज्या स्त्रीच्या काटकसरीवर आणि सोसण्यावर ते दुकान उभे राहिले, तिचे नाव मात्र बहुधा कोणत्याच वहीत सापडत नाही. आपल्या व्यापारी घराण्यांतील आई-आजींची ही कथा घरोघरी सारखीच आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई यांचे जीवन म्हणजे याच कथेचे उदात्त रूप होय.

सांगली आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरून वारणा वाहते. नदीच्या अलीकडे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक हे भाऊरावांच्या घराण्याचे गाव. पलीकडे बाहुबलीच्या डोंगराजवळचे कुंभोज हे लक्ष्मीबाईंचे माहेर. दोन्ही घरे दिगंबर जैन, पाटीलकीची. माहेर सधन असल्यामुळे लक्ष्मीबाई अंगभर सोने लेवूनच सासरी आल्या. किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करणाऱ्या कर्तबगार पतीसोबत त्यांचा संसार सुखाने चालला असता. परंतु १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेव्हापासून या घराला दार उरले नाही.

वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू लागली. मराठा, मुसलमान, जैन आणि त्या काळी अस्पृश्य मानली गेलेली मुले एका पंगतीत जेवू लागली. लक्ष्मीबाईंची खरी परीक्षा येथे होती. सोवळ्याओवळ्याच्या कडक वळणात त्या वाढल्या होत्या. अशा स्त्रीच्या दृष्टीने स्वयंपाकघर हे देवघराइतकेच पवित्र. पतीचे विचार मान्य करणे एक वेळ सोपे. पण ते विचार आपल्या चुलीपर्यंत येऊ देणे फार कठीण. हा बदल एका दिवसात झाला नाही. मात्र उपाशी लेकराची जात विचारायची नसते, हे एकदा मनाला पटल्यावर त्यांनी मागे वळून पाहिले नाही. मुले त्यांना ‘वहिनी’ म्हणत. आजारपणात आणि अडीअडचणीत ती वहिनीच त्यांची आई होत असे.

वसतिगृहाचे उत्पन्न अनिश्चित होते. गावोगाव फिरून गोळा केलेले धान्य आणि दात्यांची मदत यांवर सारा भार. जमेची बाजू कोरडी पडली, की लक्ष्मीबाईंचा एकेक दागिना बाहेर पडे. दागिना हा स्त्रीचा केवळ शृंगार नव्हे. तिच्या मुलाबाळांसाठी ती अडीअडचणीची ठेव असते, हे व्यापारी कुटुंबांना सांगावयास नको. लक्ष्मीबाईंनाही स्वतःची मुले होती. तरीही त्यांची ठेव त्यांनी परक्यांच्या लेकरांसाठी मोडली. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना वसतिगृहातील धान्य संपले. उरले होते ते केवळ मंगळसूत्र. लक्ष्मीबाईंनी तेही काढून दिले आणि त्या पैशांतून मुलांच्या ताटात अन्न पडले. पती जिवंत असताना मंगळसूत्र उतरवणे म्हणजे काय, हे त्या पिढीच्या स्त्रीलाच ठाऊक!

आपल्या धर्मात आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. या माउलीच्या हातून ती सहजपणे घडली. त्यासाठी तिने कोठेही शिलालेख मागितला नाही.

१९२७ मध्ये महात्मा गांधींनी साताऱ्यास येऊन या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण केले. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९३० मध्ये लक्ष्मीबाईंची प्राणज्योत मालवली. नातवंडे मांडीवर खेळवण्याचे वय येण्याआधीच त्या गेल्या. १९४७ मध्ये साताऱ्यात उभे राहिलेले छत्रपती शिवाजी कॉलेज त्यांना पाहता आले नाही. १९५९ मध्ये पतीला मिळालेला ‘पद्मभूषण’ किताबही नाही.

तथापि, त्यांची नातवंडे मोजायची तर हिशेबाची वही अपुरी पडेल. ज्यांनी त्यांच्या हातची भाकरी खाल्ली, ती मुले पुढे शिक्षक झाली, अधिकारी झाली; त्यांची मुले शिकली, त्यांच्या मुलींनीही महाविद्यालयाची पायरी चढली. सोलापुरातील संस्थेच्या महिला महाविद्यालयाला लक्ष्मीबाईंचे नाव आहे. गरजू विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी साहाय्य करणारा निधीही त्यांच्याच नावाने उभा राहिला. मोडलेल्या त्या सोन्याची यापेक्षा सुरक्षित गुंतवणूक कोणती असू शकेल?

सण आला, की घरातील ज्येष्ठ स्त्रिया कपाट उघडून सुनांना, नातींना दागिने दाखवतात. हा आईचा, हा सासूबाईंचा, असे सांगतात. त्या वेळी एखादी आजी जर न उरलेल्या दागिन्याचीही गोष्ट सांगेल — तो कधी मोडला, कोणासाठी मोडला, त्यातून कोण शिकले — तर लेकीसुनांना मिळणारा तो वारसा सोन्याहून मोलाचा ठरेल. वारणाकाठच्या या माउलीने असाच वारसा मागे ठेवला आहे. तिच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन!