पिकअप गाडीच्या गिअरबॉक्समधील तेलगळती व तिचा बंदोबस्त

नागपूर जिल्ह्यातील काटोल व नरखेड या तालुक्यांत आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोडणी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होते. तोडलेले फळ नागपूरच्या कळमना बाजारात वेळेवर पोहोचविण्यासाठी जुन्या पिकअप गाडीवर विसंबून असणाऱ्या बागायतदारांनी तिच्या गिअरबॉक्सकडे आधीच लक्ष पुरविणे अगत्याचे आहे. तेल ठिबकू लागले की वरून भर घालून हंगाम निभावून नेला जातो. परंतु भर घालणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. तेल आटले की आतील दातेरी चाके व बेअरिंग कोरडी घासून तापतात आणि गाडी भरल्या मालासह वाटेत अडकते.

प्रथम गळतीचे मूळ शोधावे. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत व गिअरबॉक्स निवू द्यावा. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. गिअरबॉक्स बाहेरून स्वच्छ पुसावा, गाडी पाच-सात किलोमीटर चालवावी व ताजे तेल कोठे दिसते ते पाहावे. तेल वाऱ्याने मागे पसरते व खाली ओघळते. म्हणून सर्वांत वरचा व पुढचा ओला भाग आधी तपासावा.

गिअरबॉक्सच्या वरच्या अंगास असलेले हवेचे छिद्र, म्हणजे ब्रीदर, धूळ-चिखलाने बुजते. मग आतील तापलेली हवा तेलास सीलमधून बाहेर ढकलते. यास्तव नवे सील बसविण्यापूर्वी ब्रीदर साफ करावा. खालच्या बुचाशी गळती असल्यास तेल काढून वायसर बदलावा. बूच फाजील आवळल्यास आटे जातात. प्रॉपेलर शाफ्टच्या टोकाशी तेल दिसल्यास मागील सील बदलावे. तेथे शाफ्टवर चर पडली असल्यास नवे सीलही टिकत नाही. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून येणारे तेल इंजिनचेही असू शकते. गिअरच्या तेलास बहुधा गंधकासारखा उग्र वास येतो, यावरून ते ओळखावे. ही दुरुस्ती गिअरबॉक्स उतरवून करावी लागत असल्याने मिस्त्रीकडेच सोपवावी. विलंब केल्यास तेल क्लच प्लेटवर जाऊन क्लच घसरतो.

शेवटी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच तेल भरावे. बहुतेक गाड्यांत बाजूच्या छिद्राच्या खालच्या काठापर्यंत तेल पुरेसे असते. काढलेल्या तेलात धातूचे तुकडे आढळल्यास गिअरबॉक्स उघडून तपासून घ्यावा. जुने तेल बांधावर वा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावे. ही सर्व तपासणी सप्टेंबरातच उरकल्यास तोडणीच्या दिवशी गाडी निर्धोकपणे बाजाराची वाट धरील.