पांगाऱ्यावरचा लटकन पोपट

पोपट म्हटलं की आपल्याला कणसं फोडणारा, लांब शेपटीचा राघू आठवतो. पण आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या रानात एक चिमणीएवढा पोपटही राहतो. हा लटकन पोपट. अंग हिरवंगार, पाठीचा मागचा भाग लालभडक, चोच लाल आणि शेपूट आखूड. नराच्या गळ्यावर निळा ठिपका असतो. हिरव्या पानांत तो पटकन दिसत नाही.

माघ-फाल्गुनात पांगारा आणि काटेसावर फुलली की मात्र तो हमखास तिथे येतो. फांदीला उलटा लटकून फुलात तोंड घालतो आणि मध पितो. सोबत मऊ फळं आणि बियाही खातो. मध पिताना तोंडाला लागलेले परागकण तो दुसऱ्या फुलापर्यंत नेतो. ज्या सावरीच्या कापसाच्या आपण उश्या भरतो, तिची बोंडं धरायला अशा पाखरांचीच मदत होते. रात्री झोपतानाही हा पोपट वटवाघळासारखा उलटाच टांगलेला असतो!

त्याची मादी तर फार कामसू. चोचीनं पानांच्या पट्ट्या कापते आणि आपण कमरेला पदर खोचतो तशा पाठीमागच्या पिसांत खोचून घरट्याकडे नेते. घरटं म्हणजे झाडाची ढोली. जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास ती तिथे दोन ते चार अंडी घालते.

आता जरा विचार करा. याच दिवसांत आपण पावसाळ्यासाठी सरपणाची बेगमी करतो. वठलेलं, पोकळ झाड आधी तोडलं जातं, कारण ते कुणाच्या उपयोगाचं वाटत नाही. पण ढोली स्वतः कोरणं या पोपटाला जमत नाही. झाड गेलं की त्याचं घर गेलं, आत पिल्लं असली तर तीही गेली.

म्हणून बचतगटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवूया. बांधावरचं ढोलीचं झाड राखायचं. सरपणासाठी खाली पडलेल्या फांद्या घ्यायच्या. पावसाच्या तोंडावर कुंपणाला पांगाऱ्याची फांदी रोवायची, ती सहज जगते. आणि ढोलीतलं पिल्लू काढून कुणी पिंजऱ्यात घालत असेल, तर त्याला थांबवायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे.

यंदा पांगारा फुलला की मुलांना घेऊन त्याखाली थोडा वेळ उभ्या राहा. काय दिसलं ते गटात जरूर सांगा.