सर्जिकल वॉर्डातली सकाळपाळी

७.३० : रात्रपाळीची सिस्टर ओव्हर देते. आतड्याच्या पेशंटचा वॉर्ड, त्यामुळे बोलणं बरंचसं संडासाचंच. कुणाला किती वेळा झाली, रक्त होतं का, ऑपरेशननंतर वारा सरला का. घरात ज्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, ते इथे डॉक्टरांना सगळ्यात आधी हवं असतं.

८.०० : राउंडच्या आधी मी पोटं बघून घेते. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या तरुण मुलाला काल दिवसभरात आठ वेळा रक्ताचे जुलाब झाले, रात्रीतून मात्र एकदाच. आई सुखावलेली. "थांबतायत की ओ सिस्टर!" माझ्या हाताला पोट फुगलेलं, ताणलेलं लागलं. नाडी १२०, अंगात ताप. सुजलेलं मोठं आतडं हालचाल सोडून फुगायला लागलं की जुलाब असेच कमी होतात, आणि ते फुटायची भीती असते. डॉक्टरांना ताबडतोब बोलावलं, पोटाचा एक्स-रे झाला. जुलाब बंद करायची गोळी द्या, असा आग्रह नातेवाईक अनेकदा धरतात. या आजारात ती घातक ठरू शकते.

९.३० : सात नंबरच्या काकूंची पिशवी बदलायची. लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलंय, इलिओस्टॉमी. ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी तिकडे पाहिलेलं नाही.

"काकू, आज नुसतं बघा. हात मी लावते."

पण पिशवी सुटल्यावर पेशंट पोटाकडे बघत नाही, आधी आमचा चेहरा बघतो. नाकाशी पदर गेला, कपाळाला आठी पडली, की तो पुढे महिनोन्महिने लोकांत जायला बिचकतो. नव्या मुलींना मी मलमपट्टीच्या आधी हेच शिकवते.

स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं हे तोंड, ओठांच्या आतल्या भागासारखा लाल आणि ओलसर असायला हवा. जांभळा-काळा पडला तर रक्तपुरवठा तुटत असल्याची खूण. सर्जनला तडक कळवायचं. स्टोमाला स्पर्शाची वेदना नसते. पुसताना थोडं रक्त लागतं, त्याने घाबरायचं नाही. कोमट पाणी पुरतं. डेटॉल नको, तेल तर नकोच, पिशवी चिकटत नाही. पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं. जास्त मोठं झालं तर पाचक रस कातडी सोलून काढतो. पहिल्या काही आठवड्यांत स्टोमा आक्रसतो, म्हणून माप दर वेळी नव्याने.

काकूंनी अखेर पाहिलं. मग हळूच विचारलं, "आता देवपूजा करायची नाही का मी?"

"करायची की. पोट सगळ्यांचंच भरलेलं असतं, काकू. तुमचं पिशवीत दिसतं, एवढंच."

११.०० : मोजमाप. पलीकडच्या बेडवरच्या दादांच्या पिशवीत २४ तासांत दोन लिटर! निरोगी माणसात रोज एक-दीड लिटर पाणी मोठ्या आतड्यात येतं आणि बहुतेक सगळं शोषलं जातं. यांचं थेट बाहेर पडतंय, सोबत मीठही. तहान लागते म्हणून ते घटाघटा साधं पाणी पितात, त्याने गळती आणखी वाढते. साधं पाणी आवरून ओआरएस घोट-घोट द्यायला बायकोला शिकवलं. पिशवीत सकाळची गोळी अख्खी सापडली. तीही डॉक्टरांना दाखवली, म्हणजे औषधाचा प्रकार बदलता येईल.

१२.०० : उद्याच्या ऑपरेशनसाठी एका आजींच्या पोटावर स्टोमाची जागा आखायची. नुसतं झोपवून नाही, बसवून, उभं करून, वाकायला लावून. परकराची नाडी कुठे येते, घडी कुठे पडते, आणि मुख्य म्हणजे आजींना स्वतःला ती जागा दिसते का. स्टोमाच्या देखभालीच्या कामातली पहिली प्रशिक्षित व्यक्ती नॉर्मा गिल स्वतः इलिओस्टॉमीची पेशंट होती; १९५८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी तिला नेमलं. पेशंटचे प्रश्न तिला सांगावे लागत नसत.

१.३० : घरी निघालेल्या शेतकरी काकांना शेवटच्या सूचना. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. मका, शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे तूर्त टाळा, घास बारीक चावा. काही तास पिशवीत काहीच आलं नाही आणि पोटात कळा सुरू झाल्या, तर सकाळची वाट न बघता इकडे या. पिशव्यांचा खर्च त्यांच्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसतो. तो पैसा औषधाइतकाच गरजेचा आहे, असं माझं ठाम मत आहे, म्हणून त्याला सोशल वर्कर मॅडमकडे मी स्वतः घेऊन जाते.

"सायकल चालवू ना?" काका विचारतात.

"दोन महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून. पण खताचं पोतं उचलायचं नाही. हर्निया होतो."