मांजराचं अंगण
(सोबतीचे प्राणी : लेखांक ५)

मागच्या लेखांकात मांजराच्या आहाराविषयी पाहिलं. पोट भरलेलं मांजर शिकार करत नाही, हा समज तिथे अर्धवट राहिला होता. मांजराची शिकारीची ओढ भुकेपेक्षा वेगळी असते. दूधभात चाटून झाल्यावरही हललेल्या पानाकडे ते झेपावतंच. संत गोरोबाकाकांच्या तेरसारख्या गावात या गोष्टीला वेगळं वजन येतं. जुन्या वस्तीत माळवदाला माळवद लागून असतं, त्यामुळे एका घरचं मांजर जमिनीला पाय न लावता आळीभर फिरतं. पुढे तेरणेकाठचं शिवार सुरू होतं. तिथे टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, सरडे आणि सापसुरळ्या बांधावरचे किडे टिपतात. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत, पिल्लांच्या दिवसांत, मोकाट मांजर त्यांना फार महागात पडतं.

‘आमचं मांजर कधी पक्षी आणत नाही,’ हे अनेकजण मनापासून सांगतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधले, तेव्हा त्यांनी केलेल्या शिकारीपैकी जेमतेम पाव हिस्साच घरी आल्याचं दिसलं. बाकीची त्यांनी जागेवर खाल्ली किंवा मारून तिथेच टाकली. मालकाला दिसतं ते एवढंच.

म्हणून मांजर खोलीत डांबायचं का? तसं मी म्हणणार नाही. कोंडलेलं मांजर सुस्तावतं, लठ्ठ होतं, अंथरूण-पडदे ओरबाडतं. पण बाहेरून त्याला हवं असतं ते ऊन, वास, चढायला उंच जागा आणि न्याहाळायला हालचाल. हे सगळं जाळीआड मिळू शकतं. मराठवाड्यातल्या वाड्याचा चौक चारी बाजूंनी आधीच बंद असतो. वर बारीक जाळी ताणली आणि जिन्याचं दार लावलं की मांजराचं अंगण तयार होतं. चौक नसेल तर ढेळजेचा किंवा गच्चीचा एक कोपरा जाळीने घ्यावा, आत फळी आणि नखं घासायला सुतळी गुंडाळलेला खांब ठेवावा.

‘मग धान्याचं काय? मांजर पाळलंच उंदरांसाठी,’ हा आक्षेप खरा आहे. पण बळद आणि कणगी घरातच असतात, म्हणजे मांजराची गरजही घरातच आहे. बाहेरच्या मोठ्या उंदरांवर त्याचा फारसा भरवसा धरू नये. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये ७९ दिवसांच्या चित्रणात मांजरांनी फक्त दोन उंदीर मारलेले दिसले. तो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला.

जाळी परवडत नसेल तर निदान पहाटे, सांजेला आणि रात्री मांजर आत ठेवावं. इंग्लंडमधल्या २०२१ च्या अभ्यासात मांसाचं प्रमाण भरपूर असलेलं खाणं दिल्यावर घरी येणारी शिकार ३६ टक्क्यांनी आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्यावर २५ टक्क्यांनी घटली. घुंगराचा मात्र त्यात ठळक उपयोग दिसला नाही, म्हणून गळ्यात घुंगरू बांधून निर्धास्त होऊ नये.

मांजरावर हा अन्याय आहे, असं वाटणाऱ्यांची कळकळ मला समजते. गोरोबाकाकांच्या गावाला राका कुंभाराची कथाही परकी नाही; पेटलेल्या भट्टीत अडकलेल्या मांजरीच्या पिल्लांसाठी तो व्याकूळ झाला होता. ती करुणा टिटवीच्या पिल्लापर्यंत पोचवायची असेल, तर जाळीइतकीच नसबंदीही गरजेची आहे. मांजरी सहा महिन्यांच्या आतही गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते. नको असलेली पिल्लं मग शिवारात सोडली जातात आणि तिथे शिकारीवरच जगतात. नसबंदी कधी आणि कशी करावी, ते पुढच्या आठवड्यात.