सोडा, पॉप की कोक?

अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एखाद्या उपाहारगृहात आपण ‘एक कोक द्या’ म्हटले, तर ‘कोणता?’ असा उलट प्रश्न येऊ शकतो. त्यावर ‘लिंबाच्या चवीचा’ असे उत्तर दिले तरी कोणाला नवल वाटत नाही. कोक हे एका पेयाचे नाव आहेच. पण तिथले पुष्कळ लोक फसफसणाऱ्या कोणत्याही गोड पेयाला कोकच म्हणतात. तेच पेय शिकागोत ‘पॉप’ असते, तर न्यूयॉर्कमध्ये ‘सोडा’. बॉस्टनच्या परिसरातली जुनी माणसे त्याला ‘टॉनिक’ म्हणत.

वस्तू एक आणि नावे चार. असे का होते?

नीट पाहिले तर प्रत्येक नावाने त्या पेयाची वेगळी बाजू पकडलेली दिसते. ‘सोडा’ हे नाव रसायनावरून आले. इंग्लंडमधील लीड्स येथे जोसेफ प्रिस्टले मद्याच्या कारखान्याशेजारी राहत होता. आंबवणाच्या पिंपांवर जमणारा वायू पाण्यात मिसळून १७६७ मध्ये त्याने फसफसणारे पाणी तयार केले. हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. पुढे अशा पाण्यात नैसर्गिक झऱ्यांच्या पाण्याप्रमाणे सोडिअमचे क्षार घालू लागले, म्हणून ते ‘सोडावॉटर’ झाले. आज गोड पेये बनवताना दाबाखालचा वायू थेट पाण्यात विरघळवतात. त्यासाठी सोड्याची गरज उरलेली नाही, नाव मात्र उरले.

‘पॉप’ हे नाव आवाजावरून पडले. दाब जास्त असेल तर पाण्यात वायू जास्त विरघळतो. बूच काढताच दाब एकदम कमी होतो, कोंडलेला वायू बाहेर पडतो आणि ‘पॉप’ असा आवाज येतो. रॉबर्ट साउदी या इंग्रज कवीने १८१२ मधल्या एका पत्रात या नावाचे हेच कारण सांगितले आहे. आपल्याकडे ‘फटफटी’ हा शब्द याच रीतीने तयार झाला.

‘कोक’ची गोष्ट निराळी. कोका-कोलाचा जन्म १८८६ मध्ये दक्षिणेतल्या अटलांटा शहरात झाला. जे पेय सर्वांत ओळखीचे, त्याचेच नाव साऱ्या जातीला मिळाले. वनस्पती तुपाच्या कोणत्याही डब्याला आपण ‘डालडा’ म्हणत आलो, तसेच हे.

ही नावे नकाशावर मांडली की आणखी एक गोष्ट लक्षात येते. पॉपचा प्रदेश मोठ्या सरोवरांपासून पश्चिमेकडे दूरवर पसरलेला आहे. सोडा ईशान्येला आणि कॅलिफोर्नियात आढळतो. शिवाय सेंट लुईस आणि मिलवॉकी या शहरांभोवती, पॉपवाल्यांच्या मध्येच, सोड्याची बेटे आहेत. शब्दांच्या सीमा राज्यांच्या सीमांना जुमानत नाहीत. मूल हे शब्द कोशातून शिकत नाही. घरातून, शेजारातून आणि सवंगड्यांच्या तोंडून उचलते. म्हणून माणसे जिथे एकमेकांशी बोलतात, तिथवर शब्द पोचतो.

असे भाषिक नकाशे काढण्याच्या कामात शिक्षकांचा मोठा वाटा आहे. जर्मनीत गेओर्ग वेंकर या अभ्यासकाने १८७६ मध्ये शाळामास्तरांकडे सुमारे ४० वाक्ये पाठवायला सुरुवात केली. ‘ही वाक्ये तुमच्या गावच्या बोलीत लिहून पाठवा,’ एवढीच त्याची विनंती होती. पुढच्या काळात ४० हजारांहून अधिक शाळांतून उत्तरे आली आणि त्यांवरून जर्मन बोलींचे नकाशे तयार झाले.

आपल्याकडेही हे करता येईल. हायरम कॉड या इंग्रजाने काढलेल्या, काचेची गोटी असलेल्या बाटलीतले पेय आपला ‘गोटी सोडा’, तमिळनाडूत ‘गोली सोडा’ आणि दिल्लीत ‘बंटा’ आहे. बंटा म्हणजे पंजाबीत गोटीच. इथे रसायनापेक्षा आणि आवाजापेक्षा गोटीच लोकांच्या डोळ्यांत भरली.

वर्गातल्या मुलांना एक छोटा उपक्रम देऊ या. रोजच्या दहा वस्तू निवडायच्या. प्रत्येकाने आजी-आजोबा, आईवडील आणि शेजारी त्यांना काय म्हणतात ते लिहून आणायचे. बोलणाऱ्याचे वय आणि मूळ गावही नोंदवायचे. मग तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या नकाशावर एकेका शब्दाला एकेक रंग द्यायचा. रंग कुठे बदलतो? नदीपाशी, घाटापाशी, की बाजाराच्या गावापाशी? जुन्या आणि नव्या पिढीचे रंग सारखेच येतात का? निरीक्षण, नोंद, वर्गीकरण आणि अनुमान या विज्ञानाच्या चारही पायऱ्या यात आल्या, आणि साधन लागले ते फक्त वही आणि कान.

यातून आणखी एक गोष्ट साधते. मालवणी घरातले मूल मुलीला ‘चेडू’ म्हणते, अहिराणी घरातले ‘आंडेर’ म्हणते. वर्गात त्यावर हशा पिकतो आणि ते मूल गप्प होते; पुढे प्रश्न विचारायलाही कचरते. प्रमाणभाषा शिकवायची आहेच, परीक्षेत ती लागणारच. पण पॉप म्हणणारा चूक आणि सोडा म्हणणारा बरोबर असे जसे आपण म्हणत नाही, तसेच इथेही. त्या शब्दाखाली लाल रेघ ओढण्यापूर्वी ‘तुमच्याकडे आणखी कोण असे म्हणते?’ एवढे विचारले, तर नकाशावर एक ठिपका वाढेल आणि वर्गात एक बोलणारे मूलही.