सुरू होता होता अडणारा संगणक

गांधीबागेच्या कापड बाजारात चोपड्यांची जागा संगणकाने घेतली. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आल्यापासून बिलाची आणि विवरणपत्राची मदार त्याच्यावरच आहे. म्हणून तो कधी सुरू होतो, कधी होत नाही, हे दुखणे अंगावर काढू नये, असे आम्ही व्यापारी बंधूंना सुचवतो.

संगणक ज्या दिवशी सुरू होईल, त्याच दिवशी हिशेबाची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यावी. मग दोष शोधावा.

तारीख-वेळ मागे जात असेल तर मदरबोर्डवरील 3 व्होल्टचा सेल बदलावा. बीप वाजून पडदा काळा राहिला तर वीज तोडून रॅम काढावी, तिचे टोक खोडरबराने पुसून घट्ट बसवावी. पंखा फिरून थांबतो, तेव्हा संशय एसएमपीएसवर घ्यावा. नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा उष्म्याने त्यातील कपॅसिटर सुकतात, कापडाचे तंतू पंखा जाम करतात. ती पेटी मात्र स्वतः उघडू नये. बंद असतानाही तिच्यात वीज साठलेली असते.

एका वेळी एकच वस्तू बदलावी, म्हणजे खरा दोष कळतो. यंत्र बाजारात पुन्हा मिळेल, बुडालेली उधारीची नोंद मिळणार नाही.